विडीचा धूर आणि वळणारे हात

पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापूर मागे टाकून आणि कागल ओलांडून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी कोगनोळीपाशी कर्नाटक राज्यात शिरतो आणि थोड्याच वेळात निपाणीस पोहोचतो. काही गावे दिसण्यापूर्वी वासाने ओळखू येतात. निपाणी हे त्यांतलेच एक. माघ-फाल्गुनाच्या सुमारास आसपासच्या शेतांत कापलेली तंबाखू उन्हात वाळत पडलेली असते, गावातील वखारींत ती कुटली आणि चाळली जात असते, आणि तिचा तिखट दर्प रस्त्यापर्यंत दरवळत असतो. नवख्या माणसास ठसका लागतो. गावच्या माणसास त्या वासाची जाणीवही उरलेली नसते. ह्याच वासावर तेथील कित्येक पिढ्यांची चूल पेटली, मुलींची लग्ने झाली, मुलांच्या शाळेची फी भरली गेली. आणि ह्याच तंबाखूच्या धुराने देशभरातील कित्येक घरांतील कर्ती माणसे अकाली गेली. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि तंबाखूविषयीचे कोणतेही धोरण आखणाऱ्यास त्या दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

गेल्या काही दशकांत ह्या प्रश्नास एक नवे अंग फुटले आहे. ज्यास धूम्रपान सोडवत नाही, त्या माणसास धूर नसलेल्या रूपात निकोटीन द्यावे, म्हणजे व्यसन राहिले तरी अपाय पुष्कळ कमी होईल, असा एक पक्ष आहे. असे करणे म्हणजे एका दाराने घालविलेल्या चोरास दुसऱ्या दाराने घरात घेणे होय, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. हा वाद मुख्यतः लंडन, स्टॉकहोम आणि वॉशिंग्टन येथे वाढला. त्याची भाषा, त्याची उदाहरणे आणि त्याचे आकडे तिकडचे आहेत. परंतु बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात उभे राहून तोच वाद पाहिला, तर त्याचे रूप बरेच पालटते. ते कसे, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम ह्या भागाची थोडी ओळख करून घेणे इष्ट होईल. निपाणी, चिकोडी आणि लगतच्या कागल-गडहिंग्लजच्या टापूत पिकते ती विडीची तंबाखू. सिगारेटसाठी लागणारी व्हर्जिनिया जातीची तंबाखू आंध्र प्रदेशात आणि म्हैसूरच्या बाजूस होते. तिचे पान भट्टीत तापवून वाळवितात. विडीची तंबाखू उन्हातच वाळते. पावसाळ्यात वाफ्यांत रोपे तयार करावयाची, ती शेतात लावावयाची, पुढे झाडास फूल येऊ लागले की शेंडा खुडावयाचा, बगलेत फुटणारे कोंब वरचेवर काढीत राहावयाचे, म्हणजे सारा जोर पानांत उतरतो. काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जिरायती जमिनीत हे पीक थोड्या पाण्यावर उभे राहते आणि हातात रोख पैसा देते. कोरडवाहू शेतकऱ्यास त्याचे आकर्षण वाटले, ह्यात नवल नाही. निपाणी येथे विडीच्या तंबाखूवर संशोधन करणारे कृषिकेंद्रही आहे.

शेतातून तंबाखू वखारीत येते. तेथे ती झोडपणे, कुटणे, चाळणे, तिची प्रतवारी लावणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करीत आल्या. नाकातोंडास पदर बांधून, तंबाखूच्या धुरळ्यात दिवसभर उभे राहून केलेले हे काम. त्यापुढचा टप्पा म्हणजे विडी. टेंभुर्णीची पाने भिजवावयाची, पत्र्याच्या मापाने ती कातरावयाची, चिमूटभर तंबाखू पसरून पान वळावयाचे, टोक मुडपून दोरा बांधावयाचा. मांडीवर सूप घेऊन घराच्या उंबऱ्यात बसलेली बाई बोलता बोलता हे करीत असते. तिचे डोळे मुलाकडे किंवा चुलीकडे असतात आणि बोटे आपोआप चालत असतात. मजुरी ठरते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. माल मोजून घेताना मुकादमाने ज्या विड्या नापास केल्या, त्या ‘छाट’ म्हणून बाजूस पडतात आणि त्यांची मजुरी बुडते. देशात नोंदणी झालेले विडी कामगार सुमारे ५० लाख आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रिया आहेत.

ही माणसे मुकाट्याने सारे सोशीत राहिली, असे मात्र नाही. १९८० च्या सुमारास निपाणीच्या वखारींतील स्त्रिया प्राध्यापक सुभाष जोशी ह्यांच्या साहाय्याने संघटित झाल्या आणि त्यांनी मजुरीचा व माणुसकीच्या वागणुकीचा हक्क मागितला. त्यांच्या ह्या लढ्यावर ‘युगांतर’ ह्या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली एक अनुबोधपट तयार केला. त्यापूर्वीच्या वर्षी, १९८१ च्या मार्चमध्ये, शेतकरी संघटनेचे शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकविणारे हजारो शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. व्यापारी उचल देतो, तोच भाव ठरवितो आणि तोच वजन करतो, ह्या व्यवहारात शेतकऱ्याच्या पदरी काय पडते, हा त्यांचा प्रश्न होता. तीन आठवडे रस्त्यावरच संसार मांडला गेला. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक शेतकऱ्यांचे प्राण गेले. निपाणीच्या स्मरणात तो दिवस अजून जागा आहे. तंबाखूबंदीचे नाव काढताच ह्या भागात लोकांच्या कपाळास आठ्या का पडतात, हे समजून घ्यावयाचे तर हा इतिहास ठाऊक हवा. ज्यास भाव मिळविण्यासाठी रक्त सांडावे लागले, त्यास ‘हे पीकच सोडून दे’ असे सांगणाऱ्याने हात हलवीत येऊन चालत नाही.

आता दुसरी बाजू. तंबाखूचा आणि कर्करोगाचा संबंध परदेशी शास्त्रज्ञांनी शोधून काढला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल ह्यांनी १९५० साली दाखवून दिला, हे खरेच. परंतु मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी तंबाखूचा विचार त्याच काळात करीत होते. संघवी, राव आणि खानोलकर ह्यांचा १९५५ साली प्रसिद्ध झालेला निबंध तंबाखू ओढणे व चघळणे ह्यांचा मुखाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडतो. म्हणजे आपल्या भूमीवर, आपल्याच रुग्णांच्या तपासणीतून हे ज्ञान निघाले, त्यास आता सत्तर वर्षे होऊन गेली.

विडी ही सिगारेटीपेक्षा सौम्य, ‘देशी’ आणि म्हणून निरुपद्रवी, हा समज मात्र ह्या सत्तर वर्षांत पुरता गेलेला नाही. वस्तुस्थिती उलट आहे. विडीत तंबाखू थोडी असते. पण तिच्या पानाचे वेष्टन कागदाप्रमाणे सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून ओढणाऱ्यास वरचेवर आणि जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि त्यासरशी डांबर व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू फुप्फुसात खोलवर जातो. भारतातील मृत्यूंची मोठी पाहणी करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रीचे सुमारे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे सुमारे १० वर्षांनी घटते. कर्त्या माणसाची सहा वर्षे म्हणजे एका मुलाचे अख्खे माध्यमिक शिक्षण होय.

येथेच धूर आणि निकोटीन ह्यांतील भेद लक्षात घ्यावयास हवा. निकोटीन हे तंबाखूच्या पानातील मादक द्रव्य. माणूस विडीकडे पुन्हा पुन्हा वळतो तो त्याच्यासाठी. तथापि फुप्फुसे पोखरणारा आणि कर्करोग उपजविणारा भाग मुख्यतः जळण्यातून निर्माण होतो. तंबाखूच्या धुरात हजारो रासायनिक द्रव्ये असतात आणि त्यांतील कित्येक कर्कजनक ठरली आहेत. माणूस ओढतो निकोटीनसाठी आणि मरतो डांबरामुळे, अशा आशयाचा विचार लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल ह्यांनी १९७६ साली मांडला. अपाय कमी करण्याच्या साऱ्या धोरणाचे बीज ह्या एका विचारात आहे. स्वीडनमध्ये निकोटीन घातलेला चघळण्याचा गोंद त्याच सुमारास तयार होत होता. पाणबुडीत धूम्रपानास मज्जाव असल्याने तेथील खलाशी चघळण्याची तंबाखू वापरीत. त्यावरून ही कल्पना सुचली. आज हा गोंद औषध म्हणून मान्यता पावला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली निकोटीनची ही उपचारपद्धती आवश्यक औषधांच्या यादीत घातली.

औषधाच्या पलीकडे जाऊन काही देशांनी धूरविरहित वस्तूंस बाजारातही वाट दिली. स्वीडनमध्ये ‘स्नूस’ नावाची ओलसर तंबाखू ओठाखाली धरण्याची रीत जुनी आहे. युरोपीय संघात ही वस्तू विकण्यास बंदी आहे. पण १९९५ साली संघात शिरताना स्वीडनने आपल्यापुरती सवलत मिळविली. आज त्या देशातील रोज धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण युरोपात सर्वांत कमी असलेल्या देशांत मोडते. कर, जाहिरातबंदी आणि लोकशिक्षण ह्यांचाही त्यात वाटा आहे. परंतु पुष्कळ पुरुष सिगारेट सोडून स्नूसकडे वळले, हेही नाकारता येत नाही. इंग्लंडने विजेवर चालणाऱ्या सिगारेटीस, म्हणजे ई-सिगारेटीस, असाच उपयोग करून घेतला. तिच्यात तंबाखू जळत नाही. निकोटीनयुक्त द्रवाची वाफ होते. धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांना तिचे साहाय्य गोंद किंवा चिकटपट्टी ह्यांपेक्षा अधिक होते, असा निष्कर्ष अनेक चाचण्या एकत्र तपासून काढण्यात आलेला आहे.

नाण्याची दुसरी बाजू अमेरिकेने पाहिली. तेथे फळांच्या व मिठाईच्या स्वादांची, आकर्षक आकाराची ही उपकरणे शाळकरी मुलांच्या खिशांत शिरली. २०१९ साली तेथील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील दर चार विद्यार्थ्यांमागे एकाहून अधिक विद्यार्थी ती वापरीत असल्याचे आढळले. ज्यांनी कधी धूर घेतला नव्हता, अशीही पुष्कळ मुले त्यांत होती. त्यांच्या बाबतीत कोणता अपाय कमी झाला? निकोटीन वाढत्या वयाच्या मेंदूस हितकर नाही आणि गर्भवतीस तर मुळीच नाही. खुद्द इंग्लंडनेही एकदा वापरून फेकून देण्याच्या ई-सिगारेटींच्या विक्रीवर जून २०२५ पासून बंदी घातली. म्हणजे एकच वस्तू पन्नाशीच्या धूम्रपानग्रस्तास दोर ठरू शकते आणि पंधरा वर्षांच्या मुलास फास. वस्तू कोणाच्या हाती जाते, ह्यावर तिचे बरेवाईटपण ठरते.

भारताने ह्या प्रश्नास दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून ई-सिगारेटीचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात ह्या साऱ्यांवर बंदी घातली. तंबाखू न जाळता केवळ तापविणारी उपकरणेही त्या बंदीत आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कर्नाटकाने तर २०१६ सालीच आपल्या राज्यात अशी बंदी केली होती. मुलांच्या हाती नवे व्यसन पडू नये, हा ह्यामागील हेतू योग्यच होता. परंतु ह्या बंदीतून एक विसंगती डोळ्यांपुढे उभी राहते. धुराचे जे साधन नवे, ते समूळ निषिद्ध. आणि जे सर्वांत जुने व घातक, ते कोपऱ्यावरच्या पानपट्टीत सुट्टे विकत मिळते. इतकेच नव्हे, तर सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने इतर तंबाखूजन्य वस्तूंवरील दर ४० टक्के ठरवीत असताना विडीवरील दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. विडी हे गरिबाचे व्यसन आणि विडी वळणे हा गरिबाचा धंदा, ही त्यामागील भूमिका. पण गरिबाची फुप्फुसे श्रीमंताच्या फुप्फुसांहून निराळ्या मातीची घडलेली नसतात. विडी स्वस्त राहिल्याने ओढणाऱ्याचे आयुष्य घटते, आणि वळणारीची मजुरी त्या प्रमाणात वाढते असा तर अनुभव नाही.

तर मग स्वीडनचा मार्ग धरून ‘धूर सोडा आणि धूरविरहित तंबाखू घ्या’ असे सांगावे काय? सीमाभागातील कोणताही वैद्य ह्या सूचनेवर हात जोडील. कारण धूरविरहित तंबाखू येथे नव्याने आणावयाची नाही. ती घराघरांत आधीच आहे. तळहातावर चुन्याबरोबर मळलेली तंबाखूची चिमूट ओठामागे जाते. पहाटे उठून तव्यावर भाजलेली तंबाखू, म्हणजे मिश्री, दातांवर घासल्याशिवाय कित्येक आया-आज्यांचा दिवस उजाडत नाही. सुपारीसह तंबाखू चघळण्याचे प्रकार तर अगणित आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, पण धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. कर्नाटकात हेच प्रमाण अनुक्रमे ८.८ आणि १६.३ टक्के. धूर नसणे एवढ्यानेच रोग टळत असता, तर महाराष्ट्र हे तंबाखूच्या कर्करोगातून मुक्त झालेले राज्य ठरले असते. प्रत्यक्षात मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण टाटा मेमोरियलच्या पायऱ्यांवर रोज दिसतात.

ह्याचे कारण शास्त्राने स्पष्ट केले आहे. स्वीडनची स्नूस वाफेने शिजवितात आणि थंड जागी ठेवतात. त्यामुळे तिच्यात नायट्रोसामाइन नावाची कर्कजनक द्रव्ये कमी राहतात. आपल्याकडील खैनी-जर्द्यात ती विपुल असतात. भरीस भर म्हणून सुपारी असते, आणि सुपारी ही स्वतःच कर्कजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे. तिच्यामुळे गालांची आतील त्वचा ताठरते आणि तोंड उघडेनासे होते. मिश्रीकडे तर दात घासण्याचे साधन म्हणूनच पाहिले जाते, व्यसन म्हणून नव्हे. मुंबईतील गर्भवती स्त्रियांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. धूर नव्हता; भार मात्र पोटातल्या जिवाने वाहिला.

यास्तव ‘धूरविरहित’ हा शब्द स्टॉकहोमहून उचलून निपाणीत ठेवता येत नाही. तेथे तो पायरी खाली उतरण्याचे साधन असेल. येथे तो दुसऱ्या विहिरीचे नाव आहे. परंतु ह्यावरून अपाय कमी करण्याचा विचारच टाकून द्यावा, असेही निष्पन्न होत नाही. त्या विचाराचा गाभा एवढाच आहे, की जी वस्तू जितकी घातक, तितके तिच्यावरील बंधन कडक असावे, आणि ज्यास व्यसन सोडवत नाही त्यास उपदेशाऐवजी हात द्यावा. हा गाभा घेऊन सीमाभागापुरता विचार केला, तर काही गोष्टी उघड दिसू लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे औषधरूप निकोटीन. २ मिलिग्रॅम निकोटीनचा गोंद आपल्या देशात डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळतो, आणि २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत ह्या उपचारास स्थान मिळाले आहे. बाजारातील कोणत्याही तंबाखूपेक्षा हे निकोटीन निर्धोक, कारण त्यात ना धूर, ना नायट्रोसामाइनांचा साठा, ना सुपारी. विडी ओढणारा आणि तंबाखू मळणारा, दोघांसही ते उपयोगी पडू शकते. अडचण आहे ती किमतीची आणि माहितीची. विडीचा कट्टा काही रुपयांत मिळतो. गोंदाचे पाकीट त्याहून पुष्कळ महाग पडते. जे औषध विषापेक्षा महाग, ते गरिबाच्या हाती कसे जावे? प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ते विनामूल्य मिळेल आणि त्यासोबत मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषांत चार धीराचे शब्द सांगणारा माणूस असेल, तर सीमाभागात अपाय कमी करण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग ठरेल. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. तो पाकीट फोडणाऱ्याच्या हाती असतो. पण वाचता न येणाऱ्या बाईस तो कोणी तरी वाचून दाखवावयास हवा.

दुसरी गोष्ट सीमेची. २०२५ सालापासून कर्नाटकात तंबाखू विकत घेण्याचे किमान वय २१ झाले आहे; महाराष्ट्रात देशाच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे ते १८ आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली आणि कर्नाटकाने २०१३ साली बंदी घातली. ज्या काळात एकीकडे बंदी होती आणि दुसरीकडे नव्हती, त्या काळात कायद्याची धार सीमेवरच बोथट झाली. निपाणी आणि कागल ह्यांच्यामध्ये अंतर ते किती? एस. टी.च्या एका तिकिटाचे. दोन्ही बाजूंस नातीगोती आहेत, बाजारहाट सामायिक आहे. भाषेच्या आणि प्रांताच्या प्रश्नावर दोन्ही राज्यांचे मतभेद असतील; परंतु मुलांच्या हाती तंबाखू पडू नये, ह्यावर मतभेद असण्याचे कारण नाही. आरोग्याच्या ह्या एका बाबतीत तरी दोन्ही सरकारांनी वय, दंड आणि तपासणी ह्यांचे नियम एकसारखे करावेत, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट नव्या उपकरणांची. त्यांवरील बंदी आज लागू आहे आणि तिचे पालन झाले पाहिजे. पण शास्त्राची कवाडे बंद करण्याचे कारण नाही. उद्या एखादे साधन विडी सोडविण्यास खरोखर उपयोगी आहे असे आपल्याकडील चाचण्यांत सिद्ध झाले, तर त्याने औषधाच्या दुकानातून, औषधाच्या नियमांनी यावे. रंगीत वेष्टनातून आणि आंब्याच्या स्वादातून येऊ नये.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, आणि तीच बहुधा विसरली जाते. अपाय कमी करण्याचे बोलताना ओढणाऱ्याचाच अपाय मोजला जातो. वळणारीचा आणि पिकविणाऱ्याचा मोजला जात नाही. दहिवराने भिजलेली तंबाखूची पाने हाताळताना निकोटीन कातडीवाटे अंगात शिरते आणि मजुरास मळमळ, घेरी व डोकेदुखी होते. वखारीतील धुरळा श्वासावाटे जातो. दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या बाईची पाठ आणि मान कायमची दुखावते, आणि तिच्या सुपाशेजारी खेळणारे मूल तोच धुरळा घेत असते. ह्या स्त्रियांनी एकही झुरका न घेता तंबाखूचा कर भरलेला आहे. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी निर्माण झाला. त्यांतून ओळखपत्रे, दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आल्या. हे थोडे नव्हे. परंतु ह्या निधीने कामगारास विडीतच बरे जगविण्याचा विचार केला. विडीतून बाहेर पडण्याची वाट फारशी दाखविली नाही.

ती वाट दाखविण्याचे बंधन भारताने स्वतःवर घेतलेले आहे. २००४ साली भारताने मान्य केलेल्या आणि २००५ पासून अमलात आलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारात, तंबाखू पिकविणाऱ्यांस व तंबाखूवर राबणाऱ्यांस उपजीविकेचे दुसरे साधन मिळवून देण्याचे कलम आहे. सीमाभागात हे अशक्य नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या काठी जेथे पाणी पोहोचले, तेथे शेतकऱ्याने कोणाच्याही उपदेशावाचून ऊस लावला. ज्याच्या शिवारात पाणी नाही, तो तंबाखूस धरून राहिला. त्यास सोयाबीन, भुईमूग, हरभरा किंवा भाजीपाला ह्यांसाठी पाणी, साठवण आणि खात्रीचा भाव मिळाला, तर तोही वळेल. १९८१ साली महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्याचे मागणे तंबाखूविषयी होते असे वरवर दिसते. पण खोलात पाहिले तर घामाच्या दामाचे ते मागणे होते. तो दाम दुसऱ्या पिकास मिळाला, तर तंबाखूचे प्रेम कोणास आहे? त्याचप्रमाणे विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बोटांतील कौशल्य शिवणकामास, खाद्यपदार्थांच्या उद्योगास लावता येईल. मात्र प्रशिक्षणाच्या महिन्यांत तिच्या घरी चूल पेटती राहील, एवढी तजवीज आधी हवी. विडीवर वाढीव कर घ्यावा आणि त्यातील ठरावीक वाटा ह्याच कामासाठी ह्याच भागात खर्च व्हावा. असा कर गरिबाविरुद्ध आहे, असे मग कोणास म्हणता येणार नाही.

धोरणे राजधान्यांत लिहिली जातात आणि त्यांची परीक्षा उंबऱ्यावर होते. निपाणीच्या एखाद्या गल्लीत संध्याकाळी नवरा ओट्यावर बसून विडी ओढीत असतो, सासू तव्यावर मिश्री भाजीत असते, सून उद्याच्या हजारीसाठी पाने कातरीत असते आणि शाळेतून आलेली मुलगी आईच्या मदतीस बसावे की अभ्यासास, ह्या विचारात उभी असते. ह्या एका घरात अपायाचे चार प्रकार आहेत आणि चारही निराळे. नवऱ्यास धूर सोडविणारे औषध हवे, सासूस मिश्री म्हणजे काय हे समजावून सांगणारे कोणी हवे, सुनेस दुसरे काम हवे. ही तिन्ही कामे झाली, तर मुलीस वेगळे काही द्यावे लागणार नाही. ती आपोआप दप्तर उघडील.